एक ठिबकणारा संडास आणि तीन प्लंबर : एका दुरुस्तीचा अभ्यास

डोंबिवली पूर्वेला 1996 साली बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या काळच्या बहुतेक बांधकामांप्रमाणे आमच्याकडे संडास आणि न्हाणीघर शेजारी शेजारी पण स्वतंत्र आहेत, आणि दोन्हींचे मैलापाणी व सांडपाणी मागच्या डक्टमधल्या वेगवेगळ्या उभ्या पाइपांमधून खाली जाते. मूळचे भारतीय बैठकीचे भांडे आम्ही 2011 मध्ये आईच्या गुडघ्यांमुळे काढून टाकले आणि त्या जागी कमोड बसवला. हे काम एका मिस्त्रीने दोन दिवसांत उरकले होते, आणि पुढची बारा वर्षे त्याबद्दल कोणालाही काही म्हणावे लागले नाही. एवढी पार्श्वभूमी आधीच सांगून ठेवतो, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या काळात जो घोळ झाला त्याचे मूळ त्या दोन दिवसांत होते, आणि आलेल्या तिघांपैकी एकाही प्लंबरने आपणहून त्याबद्दल विचारले नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि त्यांच्या संडासाच्या छतातून पाणी ठिबकत असल्याचे त्यांनी सांगितले. खाली जाऊन पाहिले तेव्हा मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, ताटाएवढा ओलसर डाग दिसला. त्याच्या कडेचा रंग सुटून पोपडे धरले होते आणि मधोमध एक थेंब तयार होऊन पडत होता. त्यांनी खाली तपेले ठेवले होते. पाऊस थांबून आठवडा झाला होता, त्यामुळे गच्चीचे किंवा भिंतीचे पाणी असण्याची शक्यता कमी होती, तरी ती पूर्णपणे सोडून देण्याइतकी खात्री तेव्हा कोणालाच नव्हती. संडासातून गळणारे पाणी डोक्यावर पडणे ही गोष्ट केवळ ओलीची राहत नाही, त्यात किळस आणि धार्मिक संकोचही येतो. काकू देवपूजेआधी आंघोळ करून पुन्हा त्या संडासात पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. त्यामुळे काम लवकर व्हावे, हे दडपण पहिल्या दिवसापासून होते, आणि पुढे जे उलटसुलट सल्ले मिळाले ते या दडपणाखालीच ऐकावे लागले.

तिघांची तीन निदाने

पहिला प्लंबर इमारतीच्या रखवालदाराच्या ओळखीचा, सोसायटीतली किरकोळ कामे करणारा. त्याने आमच्या कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने उतरणारी पाण्याची बारीक रेघ दाखवली आणि फ्लशच्या टाकीतला व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचे सांगितले. हे खरेच होते. आदल्या रात्री टाकीत पाणी सोडणारा अँगल कॉक बंद करून मी टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली होती, आणि सकाळपर्यंत पातळी सुमारे चार इंच उतरली होती. त्याचे म्हणणे असे की, हेच पाणी दिवसरात्र वाहत राहून खाली झिरपते, म्हणून आतले सामान बदलायचे, कमोडच्या कडेने व्हाइट सिमेंट भरायचे आणि विषय संपवायचा. खर्च नऊशे रुपये. 8 नोव्हेंबरला त्याने ते काम केले.

दोन दिवसांनी आम्ही दिवाळीसाठी गावी गेलो. पाडव्याच्या दिवशी काकूंचा फोन आला की थेंब पडायचे बंद झाले, आता डाग वाळला की रंग काढून घेऊ. आम्हीही निश्चिंत झालो. 16 तारखेला परत आलो, आणि चौथ्या दिवशी तपेले पुन्हा छताखाली गेले.

या घटनेचा अर्थ मी तेव्हा नीट लावला नाही. मला वाटले, दुरुस्ती चार दिवस टिकली आणि मग बिघडली. प्रत्यक्षात टाकीची दुरुस्ती पूर्णपणे यशस्वी झाली होती. नंतर टाकीच्या पाण्यात खाण्याचा लाल रंग घालून अर्धा तास थांबलो, तेव्हा भांड्यातले पाणी स्वच्छच राहिले. म्हणजे टाकीतून आता काहीच गळत नव्हते. थेंब थांबले होते ते आमचे घर सहा दिवस बंद असल्यामुळे. पहिला प्लंबर खोटे बोलला नव्हता. त्याला एक खरा दोष दिसला, तो त्याने दुरुस्त केला, आणि तोच खालच्या गळतीचा दोष आहे असे धरून चालला. दोन दोष एकाच संडासात एकाच वेळी असू शकतात, ही शक्यता त्यानेही विचारात घेतली नाही आणि मीही नाही.

बंद घराच्या त्या सहा दिवसांतून निदान इतके तरी कळायला हवे होते की पाणी आमच्याकडचेच आहे. पण तेवढाही निष्कर्ष पक्का काढता येत नव्हता, कारण गावी जाताना आम्ही घराचा मुख्य कॉकही बंद केला होता. त्यामुळे दोष भिंतीतल्या पाणीपुरवठ्याच्या पाइपात आहे की वापरलेल्या पाण्याच्या वाटेत, हे त्या सहा दिवसांवरून ठरत नव्हते. कॉक उघडा ठेवून गेलो असतो तर एक प्रश्न फुकटात सुटला असता.

दुसरा होता वॉटरप्रूफिंगची कामे घेणारा ठेकेदार. छापील कार्ड, मोबाइलमध्ये जुन्या कामांचे फोटो, बोलणे मुद्देसूद. त्याने दहा मिनिटे फरशीवर टाचा आपटून पोकळ आवाज ऐकला आणि निर्णय दिला की सत्तावीस वर्षे जुने वॉटरप्रूफिंग संपले आहे. ज्यांना आपल्या पायाखाली काय आहे याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अशा इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो. मिस्त्री मंडळी त्याला ‘संकन’ म्हणतात. त्या खोलगट हौदात पाइप टाकतात, ट्रॅप (म्हणजे दुर्गंधी वर येऊ नये म्हणून थोडे पाणी धरून ठेवणारे पाइपाचे वळण) बसवतात, तळाला आणि कडांना सिमेंटचा पाणीरोधक थर देतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर फरशी बसवतात. हा कोबा स्पंजासारखा असतो. त्यात शिरलेले पाणी कुठे शिरले आणि कुठून बाहेर पडेल याचा एकमेकांशी सरळ संबंध नसतो, आणि एकदा तो भिजला की दिवसेंदिवस ओला राहतो. ठेकेदाराची योजना अशी होती की सगळे फोडून स्लॅबपर्यंत जायचे, नवे पीव्हीसी पाइप टाकायचे, तीन थरांचे वॉटरप्रूफिंग करायचे, नवा कोबा भरायचा आणि नव्या टाइल्स लावायच्या. बारा दिवस, बासष्ट हजार रुपये, पाच वर्षांची लेखी हमी.

तिसरे साठीच्या पुढचे, बिडाच्या पाइपांवर उमेदवारी केलेले मिस्त्री. आमच्याकडे येण्याआधी ते खाली काकूंकडे गेले, स्टुलावर चढले, डागाला हात लावून पाहिला आणि मग डक्टच्या खिडकीतून टॉर्च मारून बराच वेळ पाहत राहिले. आमच्या इमारतीतले मैलापाण्याचे उभे पाइप बिडाचे आहेत. अशा पाइपांचे सांधे काथ्या ठासून आणि वरून वितळलेले शिसे ओतून भरलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या हालचालीने ते सैल होतात. डाग मागच्या भिंतीजवळ आहे, म्हणून उभ्या पाइपाचा सांधा सुटला असावा आणि पाणी भिंतीच्या भोकातून स्लॅबवर येत असावे, असे त्यांचे मत पडले. तसे असेल तर काम आमचे नव्हते, सोसायटीचे होते.

सल्ला कोणाला सोयीचा

इथे थोडे थांबून कबूल करायला हवे की तिसऱ्यांचे निदान ऐकताच मला ते पटले. ते वयस्कर होते, त्यांनी खालून पाहण्याचे कष्ट घेतले होते, ही कारणे मी त्या दिवशी स्वतःला दिली. खरे कारण असे होते की त्या निदानात माझ्या खिशाला हात लावावा लागत नव्हता. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाणी व ड्रेनेजच्या पाइपांमधून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेने करायचा असतो, आणि सदनिकेतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने. दोष भिंतीच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढ्या वीतभर अंतरावर देणेकरी बदलतो. साहजिकच व्यवस्थापक समितीच्या सचिवांना दुसऱ्या प्लंबरचे म्हणणे शास्त्रशुद्ध वाटले. काकूंना कोणाचेही चालले असते, पण सगळे फोडण्यात काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून त्यांचाही कल तिकडेच होता. थोडक्यात, तीन प्लंबरांच्या मतभेदाआड आम्हा तिघांचे हितसंबंध उभे होते, आणि आम्ही ‘कोणता प्लंबर चांगला’ या नावाखाली दुसरेच भांडण भांडत होतो.

प्लंबरांचेही असेच होते, मात्र यात मला लबाडी दिसत नाही. जो माणूस रोज टाक्यांचे सामान बदलतो त्याला टाकी दिसते, वॉटरप्रूफिंगवाल्याला फरशीखालचा थर दिसतो, आणि ज्याची निम्मी हयात शिसे ओतण्यात गेली त्याला बिडाचा सांधा दिसतो. प्रत्येकाने आपल्या अनुभवातली खरी उदाहरणे दिली. नीट ऐकले तर त्यांच्यात निरीक्षणांवर मतभेद नव्हताच. टाकी गळत होती हे दुसऱ्याने नाकारले नव्हते, फरशी काही ठिकाणी पोकळ वाजते हे तिसऱ्यांना मान्य होते. फरक होता तो न पाहिलेल्या जागेबद्दलच्या अंदाजात.

म्हणून कोणाचे मत घ्यायचे हे ठरवण्याऐवजी मी तिघांनाही फोन करून एकच प्रश्न विचारला : तुमचा अंदाज चुकीचा असेल, तर ते आपल्याला कशावरून कळेल? पहिला म्हणाला, “मग व्हॉल्व्ह परत बदलू.” ठेकेदार म्हणाला, “साहेब, ते फोडल्यावरच कळणार.” तिसरे मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उभा पाइप गळत असेल तर तुम्ही नाही वापरला तरी वरच्यांच्या फ्लशनं गळलं पाहिजे. नाही गळलं, तर मी चुकलो.”

या एका वाक्यावर पुढचे सगळे काम उभे राहिले. चौथ्या मजल्याचे मैलापाणी आमच्या पातळीवरून त्याच उभ्या पाइपातून जाते, हे मला माहीत होते, पण त्याचा असा उपयोग करता येईल हे सुचले नव्हते. ते मिस्त्रींना सुचले, आणि स्वतःचेच निदान खोटे पाडू शकेल अशी परीक्षा त्यांनी सुचवली. त्यांचे निदान पुढे चुकले. तरीही काम त्यांनाच द्यायचे, हे मी याच फोननंतर मनाशी ठरवले होते.

एक रविवार

परीक्षेचा दिवस ठरला 3 डिसेंबर, रविवार. शनिवारी रात्री नऊपासून रविवारी रात्री नऊपर्यंत आमचा संडास पूर्ण बंद ठेवायचा, मात्र घराचा मुख्य कॉक आणि टाकीचा अँगल कॉक उघडाच ठेवायचा. वरच्या मजल्यावरच्या पाच जणांनी नेहमीप्रमाणे वापर करायचा. आमच्या घरात दुसरा संडास नसल्याने आम्ही चौघे समोरच्या शेजाऱ्यांकडे जात होतो, आणि त्यांनी कुरकूर केली नाही याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. त्याच वेळी संडासाच्या उंबऱ्याच्या आत फरशीवर सुमारे एक इंच पाणी साठवले, म्हणजे वॉटरप्रूफिंगवाल्याच्या म्हणण्याचीही त्याच दिवसात कसोटी लागेल. काकूंचा कॉलेजात जाणारा नातू खाली घड्याळ लावून दर दहा मिनिटांत किती थेंब पडतात ते मोजणार होता. त्याने हे काम आमच्यापेक्षा जास्त गंभीरपणे केले.

शनिवारी रात्री आठ वाजता दहा मिनिटांत चौदा थेंब पडत होते. रविवारी सकाळी आठला नऊ, आणि रात्री नऊला पाच. वरच्यांचा वापर दिवसभर चालू होता, पाणीपुरवठ्याच्या पाइपात नेहमीचा दाब होता, फरशीवर पाणी साठलेले होते, आणि तरीही गळती कमी होत गेली. फरशीवरची पातळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरली होती, आणि तेवढे पाणी हवेत उडून जाणे शक्य होते. म्हणजे एका दिवसात तीन संशयित मागे पडले : उभा पाइप, पुरवठ्याचा पाइप आणि फरशी.

या शेवटच्या निष्कर्षात एक कच्चा दुवा आहे. वॉटरप्रूफिंगची चाचणी घेणारे लोक पाणी अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास साठवून ठेवतात, कारण बारीक भेगेतून पाणी उतरायला वेळ लागतो. आम्हाला तितका काळ शेजाऱ्यांच्या दारात जाणे शक्य नव्हते. त्यामुळे फरशी निर्दोष ठरली असे मी म्हणणार नाही. दिवसाकाठी शेकडो थेंब पाडणारी गळती फरशीची नाही, एवढेच त्या चोवीस तासांनी सांगितले, आणि आमच्या प्रश्नाला तेवढे पुरेसे होते.

रात्री नऊनंतर खाण्याचा लाल रंग मिसळलेल्या दहा लिटरच्या पाच बादल्या कमोडमध्ये एकामागून एक ओतल्या. दहा वाजता थेंब तेरा झाले, साडेदहाला सतरा. लाल रंग मात्र दिसला नाही, आणि नातू जरा हिरमुसला. कोब्यात आधीपासून भरलेले स्वच्छ पाणी नव्या पाण्याने ढकलले जाऊन आधी बाहेर पडत होते, असे मी त्याला समजावले, पण तेव्हा ते मला स्वतःलाही सबबीसारखे वाटले. सोमवारी संध्याकाळी त्याने छताखाली धरलेल्या पांढऱ्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर फिकट गुलाबी ठिपका होता.

आता दोषाची जागा कमोडच्या तोंडापासून डक्टमधल्या उभ्या पाइपाच्या जोडापर्यंतच्या सुमारे अडीच फुटांत आली होती. त्यातला भिंतीबाहेरचा तुकडा मिस्त्रींनी शिडी लावून, फ्लश चालू असताना कोऱ्या कागदाने पुसून पाहिला. कागद कोरडाच राहिला. उरलेल्या भागातली सगळ्यात स्वस्तात उघडता येणारी जागा म्हणजे कमोडच्या खालचा जोड.

कमोड उचलल्यावर

मिस्त्रींशी व्यवहार दोन भागांत ठरवला. फक्त कमोड उचलून खालचे पाहण्याचे दीड हजार रुपये, आणि पुढच्या कामाचा दर प्रत्यक्ष पाहिल्यानंतर. त्यांना हे आधी आवडले नाही, कारण अर्ध्यावर उघडून ठेवलेला संडास पुढे दुसऱ्याच माणसाने बंद केला तर मजुरी जाते. पण मी काम त्यांच्याकडूनच करून घेईन असा शब्द दिल्यावर ते तयार झाले.

16 डिसेंबरला कमोड हलवला, तेव्हा तो उचलावा लागलाच नाही, जवळजवळ हातात आला. तो जमिनीला स्क्रूने बांधलेला नव्हता, केवळ कडेने भरलेल्या व्हाइट सिमेंटवर बसवला होता, आणि ते सिमेंट खालून सुटलेले होते. पहिल्या प्लंबरने नोव्हेंबरमध्ये भरलेला नवा थर वरून अभंग दिसत होता, त्यामुळे डगमग लपली होती. खाली पाहिले तर 2011 च्या मिस्त्रीने जुन्या भारतीय भांड्याखालचा ट्रॅप काढलाच नव्हता. नव्या कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो, त्यामुळे खालचा ट्रॅप काढून तिथे साधा बेंड, म्हणजे नुसता वळणाचा तुकडा, घालायला हवा होता. त्याऐवजी कमोडचे तोंड जुन्या ट्रॅपच्या तोंडात खुपसून, भोवती गोणपाटाची चिंधी आणि व्हाइट सिमेंट ठासले होते. लागोपाठ दोन ट्रॅप असले की फ्लशचे पाणी खालच्या ट्रॅपपाशी अडून क्षणभर वर चढते. आमच्याकडे चढलेले हे पाणी प्रत्येक वेळी त्या सांध्यापर्यंत पोहोचत होते. जोवर सिमेंट अखंड होते तोवर काही बिघडले नाही. कमोड हलू लागल्यावर सिमेंटला भेग गेली आणि प्रत्येक फ्लशमधले थोडे पाणी कोब्यात जाऊ लागले. फ्लश कधी कधी मंद वाटतो, असे आई गेली कित्येक वर्षे म्हणत होती. आम्ही दर वेळी ते टाकीच्या माथी मारले होते.

भोवतालची दोन फूट बाय दोन फूट फरशी फोडून काळा पडलेला ओला कोबा उपसला. जुना ट्रॅप काढून पीव्हीसीचा बेंड आणि भिंतीपर्यंतचा आडवा तुकडा योग्य उताराने टाकला, आणि तो बिडाच्या तोटीत रबरी जोड घालून बसवला. मी एकच आग्रह धरला की कोबा भरण्याआधी एक रात्र सगळे उघडे राहील. कमोड तात्पुरता ठेवून वीस बादल्या पाणी ओतले, प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र अंथरले, आणि सकाळी कागद कोरडा पाहूनच पुढे गेलो. उघड्या पाइपांचे, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटोही काढले.

इथे दुसऱ्या ठेकेदाराचे एक म्हणणे उपयोगी पडले. फोनवर तो म्हणाला होता की तुकड्यात फोडाल तर जुना थर तुटेल आणि उद्या तिथूनच गळेल. हे अगदी बरोबर होते. म्हणून उघडलेल्या खड्ड्याच्या तळाला, कडांना आणि मागच्या भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत पाणीरोधक रसायन मिसळलेल्या सिमेंटचे दोन थर दिले, ते जुन्या थरावर वीतभर चढवले आणि मगच नवा कोबा भरला. कमोड या वेळी रबरी कनेक्टरवर बसवून जमिनीला स्क्रूने आवळला.

समजा मी बासष्ट हजारांची योजना स्वीकारली असती तर? गळती नक्की थांबली असती, कारण सगळे फोडताना तो सांधाही गेलाच असता. मग मी आणि काकू दोघेही आयुष्यभर असेच सांगत राहिलो असतो की वॉटरप्रूफिंग संपले होते. त्या ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये माझ्या संडासाचा फोटो यशाचा पुरावा म्हणून जमा झाला असता. त्याच्याकडे असलेल्या इतर फोटोंपैकी किती फोटो असेच असतील, हा विचार तेव्हापासून मनात घर करून आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण आपले निदान चुकल्याचे कळण्याची संधीच त्याच्या कामाच्या पद्धतीत त्याला मिळत नाही.

दुरुस्तीनंतरचे अवघड दिवस

काम 19 डिसेंबरला संपले आणि थेंब चालूच राहिले. हा काळ सगळ्यात कठीण गेला. दिवाळीत चार दिवसांत बंद झालेली गळती आता का थांबत नाही, असे काकूंनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर असे की यावेळी कोब्यात चाचणीच्या बादल्या गेल्या होत्या, खड्डा धुतला होता, आणि नव्या सिमेंटला तीन दिवस आम्हीच पाणी मारत होतो. तरीही रोज उत्तर देऊन थकल्यावर मी खाली जाऊन छतावरच्या डागाची कड पेन्सिलने आखली आणि बाजूला तारीख लिहिली. दर दोन दिवसांनी नवी कड, नवी तारीख. नातवाचे आकडेही चालूच होते : 21 तारखेला दहा मिनिटांत आठ थेंब, 24 ला तीन, 27 ला एक, आणि 30 डिसेंबरला एकही नाही. “अहो, त्या रेघा आत आत सरकताहेत,” असे काकू स्वतःच म्हणाल्या, तेव्हा आमच्यातला ताण सैल झाला.

रंग काढण्याची घाई मात्र केली नाही. जानेवारीत छताचे प्लास्टर ठोकून पाहिले तर डागाखाली वीतभर भाग पोकळ वाजला. तो खरवडल्यावर एक सळई वरवर गंजलेली दिसली. ती घासून स्वच्छ केली, गंजरोधक लेप दिला, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भाग भरला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस रंग दिला. आणखी दोन-तीन महिने वाद घालत बसलो असतो तर काय झाले असते, ते ती सळई सांगत होती.

खर्चाचा हिशेब असा : टाकीचे नऊशे, कमोड उचलण्याचे दीड हजार, पाइप, कोबा, टाइल्स आणि मजुरीचे तेरा हजार दोनशे, काकूंच्या छताचे साडेसहा हजार, असे एकूण बावीस हजार शंभर रुपये. दोष भिंतीच्या आतल्या बाजूला निघाल्यामुळे हा सगळा खर्च मी केला. सोसायटीकडे तो मागण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि समितीच्या बैठकीत तसे सांगताना मला ऑक्टोबरमधला माझा स्वतःचा युक्तिवाद आठवून थोडे ओशाळल्यासारखे झाले. मोजपट्टीसह काढलेल्या पाइपांच्या फोटोंच्या प्रती सोसायटीच्या फाइलमध्ये लावल्या आहेत.

त्याच बैठकीत मी विचारले की 2011 च्या आसपास आणखी कोणाकोणाकडे भारतीय भांडे काढून कमोड बसवला गेला. पाच हात वर झाले, आणि त्यातल्या तिघांनी त्याच मिस्त्रीचे वर्णन केले. मी त्यांना घरी जाऊन कमोड दोन्ही हातांनी धरून हलवून पाहायला सांगितले. दोघांकडे तो डुगडुगतो. त्यातला एक चौथ्या मजल्यावरचा, बरोबर आमच्या डोक्यावरचा. आमच्याकडे तर काही गळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मी सध्या दर रविवारी आमच्या संडासाच्या छतावर, मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, तळहात टेकवून पाहतो. अजून कोरडे आहे.